मास्तरकीचा जमाखर्च

पदवीचे निकाल लागतात, पंचगंगेला पहिले पाणी येते आणि आमच्या जिल्ह्यातल्या असंख्य घरांत एक जुनीच चर्चा नव्याने सुरू होते. पोराला बी.एड.ला घालायचे का? पोरगी असेल तर चर्चा जरा जास्तच रंगते, कारण शाळेतली नोकरी मुलींसाठी 'चांगली' हे आपल्या समाजाने फार पूर्वीच ठरवून टाकले आहे. सकाळी जावे, संध्याकाळी घरी असावे, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी. बँकेतून निवृत्त होऊन मला काही वर्षे झाली. कादंबऱ्याही लिहिल्या, पण ओळखीचा माणूस दारात येतो तो कादंबरीवर बोलायला नव्हे. चहा होतो, उसाचा आणि म्हशीचा विषय होतो आणि मग पाहुणा मुद्द्यावर येतो. ''साहेब, पोरगी बी.एड. करतो म्हणतीया. कर्ज काढून घालावं का?''

हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला गेला आहे, की एकदा त्याचे उत्तर सविस्तर लिहूनच काढावे असे वाटले. शिक्षकी पेशा पवित्र, तिथे पैशाचा हिशेब कसला, असे म्हणणारे वाचक असतील. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण जी घरे मी पाहिली त्यांत फी भरली जाते ती दूध संस्थेच्या दहा दिवसांच्या बिलातून नाहीतर कारखान्याच्या उसाच्या बिलातून. ते पुरले नाही तर गावची सोसायटी, मग पतसंस्था आणि शेवटी आईच्या गळ्यातले. या घरांना हिशेब टाळून चालत नाही.

हिशेबाला बसले, की बापाचा पहिला प्रश्न असतो पगाराचा. त्याचे उत्तर चांगलेच आहे. सातव्या वेतन आयोगानुसार अनुदानित माध्यमिक शाळेतल्या प्रशिक्षित पदवीधर शिक्षकाचे मूळ वेतन ३८,६०० रुपयांपासून सुरू होते आणि प्राथमिक शिक्षकाचे २९,२०० पासून. त्यावर महागाई भत्ता, जो २०२५ साली मूळ वेतनाच्या निम्म्याहून वर गेला होता. घरभाडे भत्ता निराळा. म्हणजे माध्यमिक शाळेत साठ हजारांच्या आसपास धरा. उलट बाजूला दोन वर्षांची फी आणि राहण्या-खाण्याचा खर्च मिळून समजा दीड लाखाचे कर्ज. कर्ज दीड लाख, पगार महिना साठ हजार. मग यात विचार कसला करायचा, असे पाहुण्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते.

विचार करायचा तो वेळेचा. बँकेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्याला शाखेतला जुना हेडक्लार्कसुद्धा एक गोष्ट शिकवत असे. कर्जदार किती कमावणार हे नंतर पाहा, तो कधी कमावणार हे आधी पाहा. उसाच्या कर्जाची मुदत ऊस तुटून बिल येईपर्यंतची. म्हशीच्या कर्जाचा हप्ता म्हैस दूध देऊ लागल्यावरचा. गाभण म्हशीवर पहिल्याच महिन्यापासून हप्ता बसवला, तर म्हैस कितीही जातिवंत असो, कर्ज थकणारच. शैक्षणिक कर्जातही हा विचार केलेला आहे. अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्ष हप्ता मागायचा नाही, तोवर मुलगा नोकरीला लागेल, असे बँकांच्या योजनेने गृहीत धरले. इंजिनिअरिंगच्या पोराला ते बरेचसे लागू पडले. शिक्षकाला ते लागू पडत नाही, आणि माझ्या मते या साऱ्या विषयातली मेख तिथे आहे.

एक मुलगी कल्पनेत धरू. कागलची म्हणा, पन्हाळ्याची म्हणा. २०१६ साली एकविसाव्या वर्षी तिने बी.एड.ला प्रवेश घेतला. पहिल्या वर्षी पंचाहत्तर हजार आणि दुसऱ्या वर्षी पंचाहत्तर हजार कर्ज काढले. २०१८ साली ती उत्तीर्ण झाली. शिक्षक भरतीसाठी राज्याने घेतलेली पहिली अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये होऊन गेलेली होती. ती हिला हुकली. दुसरी कधी होईल हे कोणी सांगू शकत नव्हते. ती झाली थेट २०२३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. दोन लाखांहून अधिक उमेदवारांनी ती दिली. निवडीची पहिली मोठी यादी लागली फेब्रुवारी २०२४ मध्ये, त्यात नावे होती अकरा हजारांच्या आसपास. आपली मुलगी हुशार आहे, टीईटी पास आहे, तिचे नाव त्या यादीत आले असे धरू. २०२४ च्या मध्याला ती शाळेत रुजू झाली, पण साठ हजारांवर नव्हे. पहिली तीन वर्षे ती शिक्षण सेवक. माध्यमिकला मानधन महिना अठरा हजार, प्राथमिकला सोळा हजार. तिचा पूर्ण पगार सुरू होणार २०२७ साली, तिच्या बत्तिसाव्या वर्षी.

आता कर्जाच्या बाजूला या. व्याजदर सोपेपणासाठी दहा टक्के धरतो. शिक्षणाच्या आणि सवलतीच्या काळात सरळ व्याज लागले, तर २०१९ च्या मध्यापर्यंत पहिल्या पंचाहत्तर हजारांवर साडेबावीस हजार आणि दुसऱ्यावर पंधरा हजार. दीड लाखाचे झाले एक लाख साडेसत्त्याऐंशी हजार. सात वर्षांच्या मुदतीने महिन्याचा हप्ता येतो ३,१०० रुपयांच्या थोडा वर. तो २०१९ मध्ये सुरू झाला, करोनाच्या वर्षांतून गेला आणि २०२६ च्या मध्याला संपतो.

तारखा पुन्हा एकदा पाहा. कर्ज २०२६ मध्ये फिटते आणि पूर्ण पगार २०२७ मध्ये सुरू होतो. ज्या पगाराच्या भरवशावर कर्ज काढले, त्या पगारातला एक रुपयाही त्या कर्जाला लागलेला नाही. मग हप्ते भरले कोणी? पहिली पाच वर्षे बापाच्या दुधाच्या बिलाने, आणि मध्येच लग्न झाले असेल तर एकतर नवऱ्याने नाहीतर, बहुतेक घरांत, तरीही बापानेच. शैक्षणिक कर्जाला पालक सहकर्जदार असतो. तीन महिने हप्ता चुकला की खाते थकीत धरले जाते आणि त्याचा डाग पोरीच्या नावाबरोबर बापाच्या नावावरही पडतो. पुढे धाकट्याच्या मोटारसायकलसाठी किंवा घराच्या पत्र्यांसाठी तो बँकेत गेला, की संगणकावर तेच जुने खाते वर येते. मुलगी हुशार, बाप प्रामाणिक, बँकेनेही नियमाने वागायचे ते वागले. तरी घर सात वर्षे ओझ्याखाली.

सगळ्यांचे असेच झाले असे मी म्हणत नाही. कोणाला पहिल्याच चाचणीत नंबर लागला. तिसरी चाचणी २०२५ च्या मे-जूनमध्ये झाली, म्हणजे हे अंतर पाचावरून दोन वर्षांवर आले, ही समाधानाची गोष्ट. पण चौथी अमुक साली अमुक महिन्यात होईल असे एखादे कॅलेंडर शासनाने हातात दिलेले नाही, तोवर कर्ज काढणाऱ्याने वाईटातली वाईट तारीख धरावी. पिकाचे कर्ज देताना आम्ही चांगल्या पावसाचे वर्ष धरत नसू.

आमच्या पिढीच्या मनात मास्तरकीचे जे चित्र आहे ते वेगळ्या काळातले आहे आणि घोटाळा तिथूनच होतो. १९९० च्या दशकात भुदरगड, आजरा, राधानगरीकडच्या शाखांत शिक्षक हा आमचा सर्वांत लाडका कर्जदार असे. मुख्याध्यापकाचे पगारकपातीचे हमीपत्र आणले की पुढचे काम पाच मिनिटांचे. बागायतदाराच्या फाइलवर आम्ही चार शंका काढायचो, शिक्षकाच्या फाइलवर एकही नाही. गावात पहिला स्लॅब कोणाचा पडला असे विचारले, तर दहापैकी पाच गावांत तो गुरुजींचा असे. कादंबरीतला मास्तर फाटक्या कोटातला आणि माझ्या खातेवहीतला मास्तर वेळेआधी कर्ज फेडणारा. या दोघांचा मेळ घालताना माझी लेखक म्हणून फार पंचाईत होत असे. बारावीला ऐंशी-पंच्याऐंशी टक्के पडलेली मुले इंजिनिअरिंग सोडून डी.एड.ला जात, कारण दोन वर्षांत प्रशिक्षण आणि जवळजवळ लगेच नेमणूक. लग्नाच्या बाजारातही 'झेडपीत शिक्षक' म्हटले की बोलणे निम्म्यावर येई.

ते चित्र एका दिवसात बदलले नाही. २००० साली शिक्षण सेवक योजना आली आणि नव्या प्राथमिक शिक्षकाला पहिली तीन वर्षे महिना तीन हजार मिळू लागले. पुढे त्याचे सहा हजार झाले आणि २०२२ अखेरपर्यंत सहाच हजार राहिले. २०२३ पासून सोळा हजार. १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. याच सुमारास डी.एड.ची विद्यालये मात्र गावोगाव निघत होती. मग ऑक्टोबर २०११ च्या पटपडताळणीत कागदावरची मुले आणि वर्गातली मुले यांचा मेळ बसेना, शिक्षक अतिरिक्त ठरले, आणि मे २०१२ मध्ये शासनाने भरतीच थांबवली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यातली पहिली टीईटी झाली, जिचा निकाल तेव्हापासून बहुतेक वेळा एक आकडी टक्क्यांतच अडकलेला आहे. २०१५ पासून एक वर्षाचे बी.एड. दोन वर्षांचे झाले. प्रत्येक निर्णयाच्या बाजूने काहीतरी सांगण्यासारखे होतेच. चांगला शिक्षक घडवायला एक वर्ष थोडे पडते हे मलाही पटते. पण हे सारे निर्णय एकाच घराच्या खात्यावर एकामागून एक नावे पडत गेले आणि जमेच्या बाजूची तारीख तेवढी लांबत गेली.

एक वर्षाची दोन वर्षे झाली यात आणखी एक खर्च दडला आहे, जो कोणीच वहीत मांडत नाही. बी.एस्सी. झालेला मुलगा गोकुळ शिरगावला किंवा शिरोलीच्या एम.आय.डी.सी.त कामाला लागला, तर सुरुवातीला बारा हजार तरी मिळवतो असे धरा. दोन वर्षांचे ते झाले २,८८,०००. बी.एड. करताना हे पैसे येत नाहीत. कारण महाविद्यालयात हजेरी असते आणि शाळेतला आंतरवास काही आठवड्यांचा असतो, त्यामुळे जोडीला पूर्णवेळ नोकरी जमत नाही. म्हणजे फी आणि जेवणखाण मिळून दीड लाख, आणि न मिळालेली कमाई जवळजवळ तीन लाख. मोठा खर्च कोणता ते दिसतेच आहे. फी माफ झाली म्हणून बी.एड. फुकट झाले असे मानणाऱ्यांनी हा आकडा एकदा मांडून पाहावा.

''नोकरी लागेपर्यंत कुठल्यातरी शाळेत शिकवील की,'' असे म्हटले जाते. त्याविषयी मला जे दिसले ते सांगतो. माझ्या एका शाखेत एका विनाअनुदानित शाळेचे शिक्षक खातेदार होते. शाळेला आज ना उद्या अनुदान मिळेल या आशेवर ते वर्षानुवर्षे शिकवत होते. पहाटे दूध संकलनाचे काम, मग शाळा, सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या शेतावर. खात्यात पगार म्हणून काही येतच नसे. पगाराचा दाखला मागितला, तर शाळेच्या लेटरहेडवर पद लिहून येई आणि रकमेच्या जागी रेघ. अशा शिक्षकांची एक पिढीच महाराष्ट्राने वापरून घेतली. 'कायम विनाअनुदानित' या नावातला 'कायम' हा शब्द शासनाने २००९ साली काढला, आणि प्रत्यक्ष अनुदानाचा वीस टक्क्यांचा पहिला टप्पा सुरू व्हायला २०१६ उजाडले. त्यानंतरही पुढच्या टप्प्यासाठी मुंबईत आझाद मैदानावर बसायचे. जी इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा नियमित पगार देते ती त्यामानाने बरी; पण तालुक्याच्या ठिकाणी तिथलाही आकडा दहा-बारा हजारांच्या पुढे क्वचित जातो असे तिथे काम करणाऱ्या मुलीच सांगतात. त्यातून ३,१०० चा हप्ता काढला, तर एस.टी. आणि मोबाइल भागून घरी काय उरते?

आता सर्वांत काळ्या बाजूबद्दल. बँकेचे कर्ज निदान दिसते. त्याला कागद असतो, व्याजदर असतो, शेवटचा हप्ता असतो. न दिसणारे कर्ज असते ते संस्थेत 'चिकटण्यासाठी' काढलेले. डोनेशन हा शब्द आपण इतका सहज वापरतो, की जणू मंदिराच्या जीर्णोद्धाराची पावती फाडतो आहोत. निवृत्तीआधीची काही वर्षे मी मोठ्या रकमांची सोनेतारण आणि जमीनतारण कर्जे पाहत होतो. कारणाच्या रकान्यात 'घरदुरुस्ती' लिहिलेले असे आणि वर्षभरात घराला रंगही लागलेला नसे. मग कोणीतरी हळूच सांगायचे, की पोराचे अमुक शाळेत काम झाले. पुढे त्या जागेला मान्यताच मिळाली नाही, किंवा तुकडी तुटली, असे झाले तर तो पैसा मागायला जायची सोय नसते, कारण पावतीच नसते. पोर्टलवरून भरती सुरू झाल्यापासून या व्यवहाराला बराच आळा बसला. पण मुलाखतीची वाट खासगी संस्थांना उघडी आहे, आणि २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन निकाल फिरवल्याचे डिसेंबर २०२१ मध्ये उघडकीस आले, तेव्हा सात हजारांवर उमेदवार अपात्र ठरले. त्यातल्या कित्येकांच्या बापांनी ते पैसे कुठून आणले असतील, हे मला पासबुक न पाहताही सांगता येते. या कारणासाठी कोणी माझ्याकडे सल्ला मागितला, तर मी एक शब्दात 'नको' म्हणतो आणि विषय बदलतो.

हे सगळे अटळ होते का? आपल्याच जिल्ह्यात याचे वेगळे उत्तर शोधणारी माणसे होऊन गेली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. शिकणाऱ्या पोराच्या राहण्याजेवणाची सोय झाली तरच तो शिकेल हे ओळखून त्याआधीच त्यांनी कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली होती. कुंभोजचे कर्मवीर भाऊराव पाटील खेडोपाडी शाळा काढत सुटले, तेव्हा शिक्षक आणायचे कुठून हा प्रश्न आलाच, म्हणून १९३५ साली साताऱ्याला त्यांनी प्राथमिक शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज सुरू केले. त्या काळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल झालेला मुलगा ट्रेनिंगला गेला, तर त्याला विद्यावेतन मिळत असे. शिकायचे त्याने, आणि पैसे द्यायचे शिक्षक हवा असणाऱ्याने, अशी ती सरळ रीत होती.

आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीत १९०७ साली जन्मलेले जे. पी. नाईक हे नाव आज किती बी.एड.च्या विद्यार्थ्यांना ठाऊक आहे, कोण जाणे. गारगोटीचे मौनी विद्यापीठ उभे करण्यात त्यांचा मोठा वाटा. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते. त्या आयोगाने शिक्षक-प्रशिक्षणाच्या प्रकरणात स्वच्छ शिफारस करून ठेवली आहे, की प्रशिक्षण संस्थांतली शिक्षण फी रद्द करावी आणि विद्यार्थ्यांना विद्यावेतनाची व कर्जाची सढळ तरतूद करावी. कर्ज त्यांनाही चालत होते, पण फी शून्य केल्यानंतरचे, फक्त पोटापुरते. आपण त्या शिफारशीचे शेपूट तेवढे धरून ठेवले. अध्यापक महाविद्यालये बहुतांश विनाअनुदानित झाली, फी आली, आणि फीसाठी कर्ज आले.

अमेरिकेत कॉलेजच्या कर्जाचा बोजा प्रसिद्धच आहे. तिथे २००७ साली एक योजना आली. गणित, विज्ञान यांसारख्या, शिक्षक न मिळणाऱ्या विषयांसाठी विद्यार्थ्याला वर्षाला चार हजार डॉलरपर्यंत अनुदान द्यायचे. त्याने पुढे गरीब वस्तीतल्या शाळेत चार वर्षे शिकवायचे. नाही शिकवले तर अनुदानाचे कर्ज होते, तेही पहिल्या दिवसापासूनच्या व्याजासह. गंमत अशी, की शाळेत इमानाने शिकवणाऱ्या हजारोंनासुद्धा केवळ वार्षिक कागद वेळेत न पोचल्याने कर्जदार ठरवले गेले आणि सरकारला पुढे ते निस्तरावे लागले. योजना चांगली, कारकुनी वाईट. हे दुखणे फक्त आपल्याकडचे नाही म्हणायचे. पण सौद्याचे तत्त्व मला आवडते. तुम्ही शिकवायचे वचन द्या, खर्च आमचा.

आपल्या शासनाला एवढे जमणार नसेल, तर निदान दोन गोष्टी करता येण्यासारख्या आहेत आणि दोन्हींना फार पैसा लागत नाही. अभियोग्यता चाचणी दरवर्षी ठरलेल्या महिन्यात घ्यावी. जागा शंभर असोत की दहा हजार, तारीख पक्की असावी. आणि शिक्षक-प्रशिक्षणाच्या कर्जाची हप्त्याची सवलत अभ्यासक्रमानंतरच्या एका वर्षाला न बांधता शिक्षण सेवकाच्या काळापर्यंत पुढे नेऊन, मधल्या व्याजाचा भार सरकारने उचलावा. बँका याला विरोध करतील असे वाटत नाही. थकीत खात्यामागे धावण्यापेक्षा उशिरा येणारा पण खात्रीचा हप्ता कोणत्याही शाखाधिकाऱ्याला परवडतो.

तोवर घरच्यांनी काय करावे? पाहुण्याला मी आधी विचारतो, पोरीला शिकवायला आवडते का, गल्लीतली चार पोरे ती कधी घेऊन बसते का. उत्तर 'दुसरं काय करणार' असे आले, तर मी कर्जाच्या बाजूने बोलत नाही. आवड असेल, तर पुढचे प्रश्न. पहिली ते पाचवीला शिकवायचे की त्यापुढे? कारण ऑगस्ट २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर पाचवीपर्यंतच्या वर्गांना बी.एड. चालत नाही, तिथे डी.एल.एड.च लागते, आणि ते बारावीवर होते, म्हणजे पदवीची तीन वर्षे थांबावे लागत नाही. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तर २०३० पर्यंत चार वर्षांचे एकत्रित बी.एड. हीच किमान पात्रता करायचे म्हटले आहे. विषय कोणता, माध्यम कोणते, आपल्या प्रवर्गाच्या जागा गेल्या दोन भरत्यांत किती निघाल्या, हे पोरीने स्वतः बसून काढावे. आणि बी.एड.च्या पहिल्या वर्षापासून टीईटीची तयारी धरावी. ते नंतर पाहू म्हटले, की आणखी दोन वर्षे बापाच्या खात्यावर नावे पडतात.

कॉलेज निवडताना पहिला पर्याय कोल्हापुरातले श्री महाराणी ताराबाई शासकीय अध्यापक महाविद्यालय, मग अनुदानित, मग घरापासून एस.टी.च्या सवलतीच्या पासावर जाता येईल असे. पुण्याच्या होस्टेलला राहून बी.एड. केल्याने भरतीत एक गुणही जास्त मिळत नाही. प्रवेश घ्यायचा तो केंद्रीय प्रवेश फेरीतूनच. संस्था पातळीवरच्या जागेवर घेतला, तर शिष्यवृत्ती आणि फी सवलत दोन्ही हातून जातात. मुलींसाठी जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने बराच फरक पडला आहे. वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या घरांतल्या, आर्थिक दुर्बल, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी शासन भरते. मुलांसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची निम्म्या फीची योजना आहेच. आपला अभ्यासक्रम आणि आपले कॉलेज त्यात बसते का, हे प्रवेशाआधी कार्यालयात विचारावे, आणि उत्पन्नाचा दाखला मे महिन्यातच काढून ठेवावा. जून-जुलैत तहसील कचेरीत काय गर्दी असते ते सर्वांना माहीत आहे.

एवढे करूनही कर्ज लागलेच, तर माझा ठोकताळा असा. हप्ता शिक्षण सेवकाच्या मानधनाच्या आठव्या हिश्श्यापेक्षा जास्त येता कामा नये, म्हणजे दोन हजार, फार तर सव्वादोन हजार. तेवढ्यात बसेल इतकेच उचलायचे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही म्हणून चार लाख मागायचे नाहीत; मुदत मात्र मागताना दहा वर्षांची मागायची, लवकर फेडायला कोणी अडवत नाही. आणि शिकत असतानाच सरळ व्याज दरमहा भरत जायचे. पंचाहत्तर हजारांवर ते महिन्याला ६२५ रुपये होते. दुसऱ्या वर्षी, रक्कम दीड लाख झाल्यावर, १,२५०. एका म्हशीच्या दुधाच्या बिलातून तेवढे निघते, मुद्दल फुगत नाही, आणि असे व्याज भरणाऱ्याला बऱ्याच बँका दरात एक टक्का सूट देतात. ती सूट आपोआप मिळेल असे धरू नये. अर्ज देतानाच शाखेत विचारावे आणि मंजुरीपत्रावर लिहून घ्यावे.